खलाशाची सुट्टी आणि शेजारच्यांची लोकशाही

जेटीवरचा (रत्नागिरी)
२४ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

मिरकरवाड्याला आमच्या घरची एक बोट आहे, त्यात माझा चार आणे वाटा. तांडेल आपला, खलाशी मात्र सगळे नेपाळचे. रत्नागिरीत याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. बोटीवर नेपाळी, कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी. आपली पोरं मुंबईला आणि त्यांच्या जागी नेपाळच्या कैलालीची पोरं आपल्याकडे.

गेल्या सप्टेंबरात, सीझन नुकता धरला होता, तेव्हा आमचे खलाशी बंदराला लागले की मोबाईल उंच धरून फिरायचे. रेंज होती, पण घरचे लागत नव्हते. नेपाळ सरकारने ४ तारखेला व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब धरून दोन डझनांहून जास्त ॲप बंद करायचा हुकूम काढला होता. ८ तारखेला तिथली पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी १९ जण गेले. ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, १२ ला सुशीला कार्की आल्या. टीव्हीवर कळण्याआधी हे मला जाळी शिवत बसलेल्या पोरांकडून कळायचं.

मी आपला सहज म्हणालो, "आता आमच्या सरकारने तुमच्या बाजूने उभं राहायला हवं." त्यातला जो वयाने थोर आहे तो दाताने दोरा तोडत म्हणाला, "दाजू, तुमचं सरकार आमच्या बाजूने उभं राहिलं की आमच्याकडे गॅस येत नाही."

तो २०१५ चं बोलत होता. त्या सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईतल्या मधेशींना ती अन्यायाची वाटली, सीमेवर आंदोलन बसलं आणि फेब्रुवारीपर्यंत ट्रक अडले. आपलं सरकार म्हणत राहिलं की नाकाबंदी आम्ही केलेली नाही. नेपाळात ते कुणाला पटलं नाही. मधेशींचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही, पण याच्या आईने भूकंपात तडकलेल्या घरात, हे त्याचेच शब्द, सगळा हिवाळा लाकडं फुंकत रांधलं. त्याच्या लेखी भारताचा लोकशाहीला पाठिंबा म्हणजे ती चूल.

तेव्हापासून डोक्यात आहे, एका देशाने दुसऱ्या देशातल्या लोकशाहीच्या चळवळीला हात द्यावा का? द्यावा तर कुठपर्यंत?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे मागाहून 'धागाकर्ते कुठे पळाले' नको. भर समुद्रात दुसऱ्याचं इंजिन बंद पडलं तर आपण दोरी टाकतो. टाकावीच लागते, उद्या आपलंही बंद पडणार असतं. पण त्याच्या बोटीवर चढून सुकाणू धरत नाही.

---

मालवणी तिकला
२४ जानेवारी, रात्री ११:०५

दोरी टाकलंस, ओढून हाडलंस. बरा केलंस. पण डिझेल कोणाचा? आणि त्या दिवसाची तुझी मासळी गेली ती कोण भरून देतलो? बंदरात इल्यावर ह्येच्यावरना भांडणा व्हतत तां तुका म्हायत असा.

आणि माका सांग, आमच्या गावात ग्रामसभेक कोरम पुरो होणा नाय. आणि आपण नेपाळात लोकशाही हाडूक निघालो!

---

चाकरमानी
२५ जानेवारी, सकाळी ८:२०

तिकलाने चेष्टेत खरं सांगितलं. डिझेल कोणाचं, हाच प्रश्न आहे.

म्यानमारचं बघा. आपली त्यांच्याशी सोळाशे किलोमीटरहून जास्त सीमा. १९८८ च्या उठावात राजीव गांधींच्या सरकारने उघडपणे आंदोलकांची बाजू घेतली. पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिझोराम-मणिपुरात छावण्या उघडल्या, आकाशवाणीची बर्मी सेवा लष्करावर तुटून पडायची. १९९० च्या निवडणुकीत लोकशाहीवाद्यांच्या नेत्या आंग सान सू चींचा पक्ष ३९२ जागा घेऊन निवडून आला आणि लष्कराने निकाल गुंडाळून ठेवला. आपण काय करू शकलो? काही नाही. त्या वेळात चीनने तिथे पाय पसरले आणि आपले ईशान्येतले बंडखोर त्यांच्या जंगलात लपत राहिले. शेवटी नरसिंह रावांच्या काळात धोरण फिरवावं लागलं. १९९५ मध्ये दोन्ही सैन्यं मिळून बंडखोरांना घेरत होती, नेमका तेव्हाच दिल्लीचा नेहरू पुरस्कार सू चींना दिला गेला आणि बर्मी सैन्य मोहीम सोडून निघून गेलं, असं त्या वेळचे अधिकारी सांगतात.

पुरस्कार द्यायला मजा येते. डिझेल सीमेवरचा जवान भरतो.

---

सातार्डेकर
२५ जानेवारी, दुपारी ३:१०

मी मोबाईलवर हळू लिहितो, सांभाळून घ्या. माझं गाव सातार्डा. पलीकडे गोवा. आता पलीकडे फक्त पेट्रोल स्वस्त मिळतं, माझ्या लहानपणी पलीकडे पोर्तुगालच्या हुकूमशहाचं, सालाझारचं राज्य होतं. भाषा तीच, सोयरिकी तिकडच्या, देव तिकडे, आणि मधे पोर्तुगीज पोलीस.

१९५५ साली मी सात वर्षांचा होतो. ऑगस्टचा पाऊस. बांद्याला माणसंच माणसं, देशभरातून आलेले सत्याग्रही. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. आमच्या आईने मोठ्या टोपात पेज शिजवली आणि वडील ती घेऊन गेले, मी त्यांच्या मागे. एका दाढीवाल्या सरदारजीने मला उचलून घेतलं होतं. पुढे कळलं की १५ ऑगस्टला पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग गोळी लागून गेले. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांच्या हातात झेंडा होता, त्यांना गोळी लागली तेव्हा ते पुढे झाले. मला उचलणारे तेच होते असं मी कित्येक वर्षं सांगत असे. खरं तर मला माहीत नाही. शेकडो सरदारजी असतील.

त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली. आमचे पनवेलचे हिरवे गुरुजीही त्यातच. सगळे नि:शस्त्र.

आता मुद्द्याचं. ही माणसं सरकारने पाठवली नव्हती. सरकारने त्यांना फार अडवलंही नाही, आणि पाठीशीही कुणी उभं राहिलं नाही. पुढे काय होणार हे न ठरवता लोकांना सीमेपर्यंत जाऊ दिलं. गोळीबारानंतर नेहरूंनी सत्याग्रहच बंद करायला लावला, सीमा बंद केली, आणि तिथून पुढे सहा वर्षं गोव्याच्या तुरुंगांत माणसं सडली. १८ डिसेंबर १९६१ ला सैन्य गेलं तेव्हा जेमतेम दीड दिवसात संपलं. म्हणून माझं म्हणणं असं की मदत करायची तर किती पाण्यात उतरणार ते आधी सांगा. गुडघाभर म्हणा, कमरेएवढं म्हणा. 'या, या' म्हणून हाक मारायची आणि स्वतः काठावर उभं राहायचं, याच्याएवढं पाप नाही.

हंगेरीत १९५६ मध्ये हेच झालं. अमेरिकेच्या पैशावर चालणारा रेडिओ तिथल्या लोकांना लढा म्हणून सांगत राहिला. लोकांना वाटलं मदत येतेय. आले ते रशियाचे रणगाडे, अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन मेले. आणि आपला देश? 'तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक घ्या' या ठरावाच्या विरोधात आपण मत दिलं. गोव्यात गोळ्या खाऊन पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं. जयप्रकाशजी नेहरूंवर फार चिडले होते. ते बरोबर होते.

---

चाकरमानी
२५ जानेवारी, दुपारी ३:५५

सर, आदरपूर्वक, पण गोवा इथे बसत नाही. गोवा 'दुसरा देश' नव्हताच. ते आपलंच घर होतं.

---

सातार्डेकर
२५ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

बाळा, आपलं घर होतं हे आपण म्हणत होतो. सालाझार म्हणत होता ते पोर्तुगाल आहे, आणि सुरक्षा समितीत १८ डिसेंबरला अमेरिका-ब्रिटन त्याच्याच बाजूने उभे राहिले. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून आपण वाचलो. ज्या रशियाने हंगेरीत रणगाडे घातले त्यानेच. जगात कुणाचा पाठिंबा कुठून येईल याचा भरवसा नाही.

आणि पोर्तुगालचे लोक स्वतः त्या राजवटीतून कधी सुटले? एप्रिल १९७४ मध्ये, त्यांच्याच सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उलथवली तेव्हा. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्या नव्या सरकारने गोवा भारताचा हे मान्य केलं. तेरा वर्षांपूर्वी आपण तोफांनी घेतलेलं त्यांच्या लोकशाहीने एका कागदाने दिलं. याचा अर्थ तुम्ही लावा, मी अजून लावतो आहे.

---

मालवणी तिकला
२५ जानेवारी, संध्याकाळी ५:४१

गुरुजी, पेजेचा वाचून डोळ्यात पाणी इला. पेट्रोलचा वाचून पण.

---

केतकी
२६ जानेवारी, सकाळी ११:१५

प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. धाग्याला बरा मुहूर्त आहे.

चाकरमानी, बर्मा-बर्मा केलंत आणि रत्नागिरीच्या धाग्यावर थिबा विसरलात? मी थिबा पॅलेसच्या उताराला राहते. इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेच्या राजाला उचललं, एप्रिल १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून मिळाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तो इथे कैदेत असतानाच रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते, १९०८ ते १४. त्यांचा राजा आमच्या गावात, आमचा पुढारी त्यांच्या गावात, आणि दोघांना बंद करणारा एकच. थोरल्या राजकन्येचे वंशज तर इथेच मराठी होऊन राहिले. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीपाशी आले होते. एक जुना लष्करी अधिकारी वाकून नमस्कार करतोय ते बघायला अर्धी रत्नागिरी गोळा झाली होती असं बाबा सांगतात. बाबांच्या 'अर्ध्या रत्नागिरीत' साधारण चाळीस माणसं असतात.

आता तुमचा व्यवहार. १९९३ नंतर आपण लष्कराशी जुळवून घेतलं, मान्य. मिळालं काय? १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी पुन्हा सत्ता बळकावली. मार्चमध्ये त्यांच्या लष्कर दिनाच्या संचलनाला आपला प्रतिनिधी हजर होता, आणि त्याच दिवशी देशभर रस्त्यांवर शंभराच्या वर माणसं मारली गेली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराविरुद्ध ११९ देशांनी मत दिलं, आपण तटस्थ. एवढं करून चीन तिथून हलला का? नाही. आपण तिथे बांधलेलं सित्तवे बंदर झालं, पण तिथून मिझोरामला येणारा रस्ता पूर्ण होत नाही, कारण मधल्या भागावर आता लष्कराचं चालतच नाही, अराकानी बंडखोरांचं चालतं. ज्याच्याशी जमवून घेतलं त्याच्याच हातात काही उरलं नाही.

मला विचाराल तर या सगळ्यात एकच काम नीट झालं, ते मिझोरामने केलं. गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की लोंढे थांबवा. मुख्यमंत्री झोरामथंगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. चर्चने आणि मिझो तरुणांनी तांदूळ गोळा केला, हजारो लोकांना आसरा मिळाला. ना ठराव, ना बंदूक. जीव वाचवायला पळालेल्या माणसाला परत न ढकलणं ही मी सगळ्यात प्रामाणिक मदत समजते. आणि त्यासाठी आपल्याकडे कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. कोण राहणार, कोण जाणार हे त्या त्या वेळच्या साहेबाच्या मनावर.

सू चींबद्दल एक शब्द. दिल्लीत शिकलेल्या, आपल्या लाडक्या. रोहिंग्यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये त्या हेगला जाऊन त्याच लष्कराची बाजू मांडत होत्या. पाठिंबा चळवळीला द्यावा, फोटोतल्या माणसाला देऊ नये.

---

सारंग दाभोळ
२६ जानेवारी, दुपारी १:००

केतकीताईंचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी जहाजावर होतो, आता घरी. आमचे आजोबा रंगूनला. कोकणातली, विशेषतः आमच्या मुसलमानांच्या गावांतली, बरीच माणसं तेव्हा रंगूनला असायची. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा ते आराकानच्या डोंगरातून चालत परत आले. पायाची दोन बोटं गेली. त्यांचे भाऊ मात्र मागे राहिले, दुकान होतं.

१९६२ ला तिथल्या लष्करप्रमुखाने, ने विनने सत्ता घेतली. कुणाला वाटलं नाही की याचा दाभोळशी काही संबंध आहे. १९६४ ला दुकानं सरकारजमा झाली आणि लाखो हिंदुस्थानी अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. आजोबांचे भाऊ घाटावर उतरले तेव्हा हातात एक छत्री होती. ती छत्री अजून आमच्याकडे आहे, उघडत नाही.

म्हणून 'त्यांचं ते बघतील' असं कुणी म्हणालं की मला छत्री आठवते. शेजारची हुकूमशाही पाच-दहा वर्षांनी आपल्या दारात येते. तेव्हा डिझेल भरावंच लागतं, तिकलाभाऊ.

---

मालवणी तिकला
२६ जानेवारी, दुपारी १:२२

ह्यां पटला. काका, छत्रीचो फोटो टाका.

---

खाजणातला
२६ जानेवारी, रात्री ९:४५

सगळे 'आपण इतरांना मदत करावी का' यावर बोलतायत. आपल्याला इतरांनी केली त्याचं काय?

आमचे वडील आणीबाणीत येरवड्याला होते. राजापूर मतदारसंघ, घरात आधी नाथ पै आणि मग दंडवते, तिसरं नाव नाही. दंडवते खासदार असून बंगळूरच्या तुरुंगात. त्या काळात घरी रात्री रेडिओवर बीबीसी लावायची, आवाज बारीक करून, कारण आपल्या बातम्या आपल्याला लंडनहून ऐकाव्या लागत होत्या. जून १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले. त्यांना मारून टाकतील अशी भीती सगळ्यांना होती. तेव्हा जर्मनीचे विली ब्रांट, स्वीडनचे पाल्मे, ऑस्ट्रियाचे क्राइस्की या समाजवादी पुढाऱ्यांनी इंदिरा गांधींना कळवलं की याच्या जिवाला धक्का लागता कामा नये. ते कळवू शकले कारण समाजवाद्यांची जगभर ओळख होती. आमचे वेंगुर्ल्याचे नाथ पैच समाजवादी युवकांच्या जागतिक संघटनेचे कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. ओळखी अशा जुन्या लागतात, संकटात नव्या होत नाहीत.

तेव्हा सरकार काय म्हणत होतं? 'परकीय हात.' आज कुठल्याही देशातलं सरकार तेच म्हणतं. आणि गंमत अशी की तेव्हा ज्यांना परकीय हाताने वाचवलं, त्यांचे वारसही सत्तेत आले की तेच म्हणतात.

जॉर्ज मात्र विसरले नाहीत. दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी बंगल्यात बर्मी विद्यार्थी राहायचे, ते संरक्षणमंत्री होते तेव्हासुद्धा. सरकार लष्करशहांशी हस्तांदोलन करतंय आणि त्याच सरकारच्या मंत्र्याच्या परसात त्या लष्करशहांचे विरोधक भात शिजवतायत. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला देश असाच दोन तोंडांचा असलेला बरा वाटतो. कोकण रेल्वेने जाताना आम्ही दंडवते आणि जॉर्ज यांची नावं घेतो ती काही फक्त बोगद्यांसाठी नाही.

---

चाकरमानी
२६ जानेवारी, रात्री १०:३०

हा मुद्दा मला सुचला नव्हता, मान्य. तरी एक. माणसांनी माणसांना, पक्षांनी पक्षांना मदत करणं वेगळं आणि सरकारने करणं वेगळं. सरकार करतं तेव्हा त्यात स्वार्थ असतोच. १९७१ घ्या. मुजीबुर रहमान निवडून आले होते, पूर्व पाकिस्तानातल्या १६९ पैकी १६७ जागा. त्यांना सत्ता दिली नाही, कत्तल केली, एक कोटी माणसं आपल्याकडे आली. आपण लढलो. लोकशाहीसाठी? थोडं. पाकिस्तान मोडायला? बरंच. तरी ते बरोबरच होतं.

पण बघा, ५ ऑगस्ट २०२४ ला त्याच ढाक्यातल्या पोरांनी मुजीबांच्या मुलीला घालवलं आणि ती आपल्याकडे आली. आज तिथली तरुण मंडळी म्हणतात, भारत हुकूमशहाच्या बाजूने. मुक्तिदाते म्हणून गेलो होतो, पन्नास वर्षांत एका पक्षाचे सोयरे झालो.

---

केतकी
२६ जानेवारी, रात्री १०:४४

कारण आपण चळवळ सोडून फोटोतल्या घराण्याला धरून बसलो. वर म्हटलं तेच.

---

खाजणातला
२६ जानेवारी, रात्री ११:०२

सावरकर राहिले, रत्नागिरीचा धागा आहे म्हणून टाकतो. १९१० मध्ये मार्सेलिसला त्यांनी बोटीतून उडी मारली, फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला आणि इंग्रजांनी तिथून उचलून नेलं. त्यांना परत फ्रान्सला द्या म्हणून पॅरिसच्या वर्तमानपत्रात कोण भांडलं? जाँ लाँगे. कार्ल मार्क्सचा नातू! हेगच्या लवादाने १९११ मध्ये इंग्रजांच्या बाजूने निकाल दिला ते सोडा. आता दोन्हीकडचे भक्त यावर भांडायला येतील, मी झोपतो.

---

व्यवस्थापक
२७ जानेवारी, सकाळी ९:००

रात्रीतून आलेले अकरा प्रतिसाद उडवले आहेत. मार्क्स आणि सावरकर यांच्यासाठी वेगळा धागा काढा.

---

जेटीवरचा
२७ जानेवारी, रात्री ९:३०

दोन दिवस बोट बाहेर होती, आत्ता सगळं वाचलं. सातार्डेकर सर, 'किती पाण्यात उतरणार ते आधी सांगा' हे मी आमच्या केबिनवर रंगवून घेणार आहे.

माझं दोरीचं उदाहरण अपुरं होतं हे कळलं. सारंगकाकांनी दाखवलं की दोरी न टाकण्याचाही खर्च येतो, फक्त उशिरा. केतकीताईंचा आसऱ्याचा मुद्दा मी डोक्यावर घेतो. सुकाणू धरू नये यावर मात्र ठाम आहे. त्या नाकाबंदीत आपण कुठलीच बाजू न घेता ट्रक जाऊ दिले असते, तर आज माझा खलाशी मला टोमणा मारत नसता.

पण आता खरी पंचाईत ऐका. नेपाळात ५ मार्चला निवडणूक जाहीर झाली आहे. परदेशातून मत देता येत नाही, गावात जाऊनच द्यावं लागतं. सप्टेंबरात मोबाईल धरून फिरणारी पोरं आता म्हणतायत, दाजू, आठ जणांपैकी पाच जणांना सोडा. जायला चार दिवस, यायला चार, मधे घर. म्हणजे पंधरा-वीस दिवस बोट अर्ध्या माणसांवर. फेब्रुवारी-मार्च म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. थोरला भाऊ म्हणतो, उचल घेतलेली आहे, एकालाही सोडायचं नाही, परत आले नाहीत तर?

चार दिवस इथे मी लोकशाहीवर बोललो.

---

मालवणी तिकला
२७ जानेवारी, रात्री ९:३६

मगे? डिझेल कोणाचा?

---

सातार्डेकर
२७ जानेवारी, रात्री ९:५८

पाचांना सोडता येत नसेल तर आजच सांगून टाका. मार्चच्या एक तारखेला सांगू नका.

---

चाकरमानी
२७ जानेवारी, रात्री १०:१५

माझा सल्ला, तिघांना सोड. उचल त्यांच्या हिशेबात धर, पण कागदं ठेवून घेऊ नकोस. काही मालक ठेवतात, मी बघितलंय.

---

जेटीवरचा
३० जानेवारी, रात्री ११:२०

चौघे जातायत. भाऊ माझ्याशी बोलत नाही. माझ्या वाट्यातून तूट भरायची ठरली आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. पाचव्याने स्वतःच सांगितलं, मी थांबतो, माझ्या गावात कुणीही आलं तरी पूल होणार नाही.

इथून मुंबईपर्यंतची गाडी आरामात मिळाली, शिमग्याला सगळे उलटे येतायत. मुंबईहून वर मात्र होळीची गर्दी. चार तिकिटं, वेटिंग ११२ ते ११५. रेल्वेत कुणाची ओळख असेल तर कळवा.